नवजात बालकांतील तात्पुरते थायरॉईड विकार आणि त्यांची नोंद

गळ्याच्या पुढील भागात श्वासनलिकेवर अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, असते. या ग्रंथीतून स्रवणाऱ्या संप्रेरकावर बालकाच्या शरीराची व विशेषतः मेंदूची वाढ अवलंबून असते. आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हे संप्रेरक कमी पडल्यास मेंदूची झालेली हानी पुढे भरून निघत नाही. याउलट, पहिल्या दोन आठवड्यांत योग्य उपचार सुरू झाल्यास बहुतेक मुले इतर मुलांप्रमाणेच वाढतात.

जन्मतः या विकाराची लक्षणे बहुधा दिसत नाहीत. दीर्घकाळ रेंगाळणारी कावीळ, बद्धकोष्ठ, सुस्ती, घोगरे रडणे ही चिन्हे दिसू लागेपर्यंत मोलाचा काळ निघून गेलेला असतो. म्हणून बालकाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन तपासणी करण्याची पद्धत रूढ झाली. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९७४ साली अशी तपासणी सुरू झाली. गोव्यात २००८ साली सुरू करण्यात आलेल्या नवजात बालकांच्या तपासणी कार्यक्रमातही या विकाराचा समावेश होता.

विकार तात्पुरता केव्हा असतो?

तपासणीत दोष आढळलेल्या प्रत्येक बालकाचा विकार कायमचा असतोच असे नाही. माता थायरॉईडच्या अतिक्रियेवर औषध घेत असेल, तर ते वारेतून बालकापर्यंत पोहोचते व त्याची ग्रंथी काही दिवस मंदावते. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडांचा असाच परिणाम काही महिने टिकू शकतो. आयोडीनची कमतरता, तसेच नाळेवर अथवा त्वचेवर आयोडीनयुक्त जंतुनाशकाचा अतिवापर, हीदेखील कारणे आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत हा प्रकार अधिक दिसतो. काही वेळा उलट घडते. मातेच्या प्रतिपिंडांमुळे बालकाची ग्रंथी अतिक्रियाशील होते. हृदयाचे ठोके वाढतात आणि वजन वाढत नाही. असा विकार तात्पुरता असला तरी निरुपद्रवी नसतो. त्यावर तातडीने उपचार करावे लागतात.

संकेतांक कशासाठी?

रोगांची मोजदाद सर्वत्र एकाच पद्धतीने व्हावी, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण तयार केले आहे. त्याच्या दहाव्या आवृत्तीस १९९० साली मान्यता मिळाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. दहाव्या आवृत्तीत नवजात बालकाच्या तात्पुरत्या विकारांना वेगळे स्थान आहे. ग्रंथीचे कार्य सुरळीत असूनही तात्पुरता गलगंड असल्यास ‘पी ७२.०’, तात्पुरती अतिक्रिया असल्यास ‘पी ७२.१’ आणि तात्पुरती न्यूनक्रिया असल्यास ‘पी ७२.२’ हा संकेतांक दिला जातो. जन्मजात न्यूनक्रियेसाठी मात्र गलगंड असल्यास ‘ई ०३.०’ व नसल्यास ‘ई ०३.१’ हे संकेतांक आहेत.

संकेतांक देणारा कर्मचारी रोगनिदान करीत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याने जे लिहिले असेल, त्यालाच तो अंकरूप देतो. कागदावर केवळ ‘थायरॉईड दोष’ एवढेच लिहिलेले असल्यास त्याने अंदाजाने ‘पी’ अथवा ‘ई’ निवडू नये. अधिकाऱ्याकडून खुलासा करून घ्यावा. निदान झालेच नसेल, तर तपासणीतील असाधारण निष्कर्ष तेवढा नोंदवावा.

नोंदीत काय असावे?

जन्माची वेळ व रक्त घेतल्याची वेळ या दोन्ही नोंदी आवश्यक आहेत. ग्रंथीस चालना देणाऱ्या ‘टी.एस.एच.’ या संप्रेरकाचे प्रमाण जन्मानंतर लगेच झपाट्याने वाढते व पुढील काही दिवसांत उतरते. त्यामुळे पहिल्या दिवशी घेतलेल्या रक्तातील मोठा आकडा आणि तिसऱ्या दिवशीचा तोच आकडा यांचा अर्थ एक नसतो. याशिवाय गर्भावस्थेचे आठवडे, जन्माचे वजन, मातेचा आजार व तिची औषधे, आयोडीनयुक्त जंतुनाशकाचा वापर, औषध सुरू केल्याची तारीख व मात्रा आणि फेरतपासणीचा दिनांक यांची नोंद असावी.

‘तात्पुरता’ हा शब्द घाईने लिहिला गेल्यास गंभीर परिणाम होऊ शकतो. तो वाचून पालक औषध बंद करतात आणि विकार कायमचा असल्यास बालकाच्या बुद्धीची हानी होते. उलट, फेरतपासणी न झाल्यास बरे झालेले मूलही वर्षानुवर्षे गोळ्या घेत राहते. विकार कायमचा आहे की नाही याची खात्री नसेल, तर मूल सुमारे तीन वर्षांचे झाल्यावर वैद्यकीय देखरेखीखाली औषध काही आठवडे थांबवून पुन्हा रक्त तपासले जाते. विकार तात्पुरता होता हे तेव्हा ठरल्यास जुन्या नोंदीत खाडाखोड न करता नव्या तारखेने तसे नमूद करावे.

पालकांनी इस्पितळातून मिळालेले सर्व कागद जपून ठेवावेत, प्रत्येक भेटीत ते सोबत न्यावेत आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून औषध बंद करू नये. अंगणवाडी सेविकांनी व बालवाडीच्या शिक्षकांनी अशा मुलांच्या पालकांना फेरतपासणीच्या तारखेची आठवण करून द्यावी.