गहुंजेचं मैदान : संघ गेले, तहान राहिली

21 मे 2017च्या रात्री हैदराबादला आयपीएलच्या अंतिम सामन्यात रायझिंग पुणे सुपरजायंटला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. दोनच झाल्या. मुंबई 129, पुणे 128. त्या मोसमात पुण्याने मुंबईला साखळीत दोनदा हरवलं होतं आणि वानखेडेवरच्या पहिल्या क्वालिफायरमध्येही 20 धावांनी लोळवलं होतं. नेमका चौथा सामना हातून गेला. संघाला मुदतच दोन मोसमांची होती. चेन्नई आणि राजस्थान या संघांवर बंदी आली म्हणून दोन नवे संघ उभे केले होते, त्यातला हा एक. बंदी उठली आणि पुण्याचा संघ संपला. अंतिम फेरी हाच त्याचा शेवटचा सामना ठरला.

आमच्या चांदवडला हा पराभव बरेच दिवस पुरला. मुंबई-आग्रा महामार्गावरचं, रेणुकामातेच्या डोंगराखालचं हे तालुक्याचं गाव. क्रिकेटच्या हिशेबात नाशिक जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे पुण्याकडे. मुंबईची असोसिएशन वेगळी. तरी टीव्हीसमोर बसलं की घराघरात दोन तट पडतात. थोरले मुंबईचे, धाकटे धोनीचे. धोनी दोन मोसम पुण्याकडून खेळला तेव्हा पोरं पुण्याची झाली. संघ गेल्यावर ती पुन्हा चेन्नईची झाली. पुण्याचं म्हणून कुणी उरलंच नाही.

उरलं ते स्टेडियम. संपादकांनी विचारलं, संघच नसलेल्या स्टेडियमचं पुढे काय होतं, ते जाऊन बघाल का? सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण, तळेगाव असा अडीचशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता पार करून मी गहुंजेला गेलो. सामना नसलेला दिवस मुद्दाम निवडला होता. गर्दीत मैदान दिसत नाही, खेळ दिसतो.

स्टेडियमचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. पुण्यात स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम महापालिकेच्या मालकीचं. 1996च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला हरवलं ते तिथेच. पण आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या तिकीटवाटपावरून महापालिका आणि क्रिकेट असोसिएशन यांचे खटके उडत राहिले आणि असोसिएशनने स्वतःचं मैदान बांधायचं ठरवलं. जागा मिळाली द्रुतगती महामार्गालगत, गहुंजे गावात. आराखडा इंग्लंडच्या मायकेल हॉपकिन्स यांच्या कंपनीचा, प्रेक्षकक्षमता सुमारे 37 हजार, उद्घाटन 1 एप्रिल 2012ला शरद पवारांच्या हस्ते. नाव मिळालं सुब्रतो रॉय सहारा स्टेडियम. नावाच्या बदल्यात ठरलेल्या रकमेचा मोठा भाग आलाच नाही, तेव्हा नाव उतरलं. बांधकामाचं कर्ज मात्र राहिलं.

सहारा समूहाचाच संघ होता पुणे वॉरियर्स. 2010मध्ये 37 कोटी डॉलरला घेतलेला. युवराज, गांगुली अशी कर्णधारांची नावं मोठी, पण तिन्ही मोसमांत प्रत्येकी चारच विजय. 2011ला दहा संघांत नववा, 2012ला नवांत नववा, 2013ला नवांत आठवा. 2013मध्ये पैशाच्या वादातून मालकांनी अंग काढून घेतलं आणि भारतीय क्रिकेट मंडळाने करार संपवला. त्यानंतर पंजाबने 2015चे काही सामने इथे खेळले, मग दोन वर्षं सुपरजायंट, आणि 2018ला कावेरीच्या आंदोलनामुळे घर सुटलेले चेन्नईवाले. चेन्नईहून खास रेल्वेने पिवळ्या कपड्यातले प्रेक्षक पुण्याला आले होते. गहुंजेने सगळ्यांना ठेवून घेतलं, पण कुणी मुक्कामी राहिलं नाही.

मला मात्र गुंतवून ठेवलं ते मैदानाच्या पोटातल्या रचनेने.

गहुंजेचं आउटफिल्ड वाळूवर उभं आहे. वरच्या हिरवळीखाली वाळूचा थर आणि त्याखाली पाणी वाहून नेणारी व्यवस्था. जोराची सर येऊन गेली तरी पाणी वर साचून राहत नाही, झिरपून जातं. सह्याद्रीच्या पायथ्याशी, मावळाच्या तोंडावर मैदान बांधायचं तर हे हवंच. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या मैदानात एक पाऊस झाला की दोन दिवस बूट रुततात. इथे ढग हटले की माळी दोर घेऊन हिरवळीवरचं पाणी झटकतात, सुपरसॉपर फिरतो आणि खेळ सुरू होऊ शकतो.

पण जी वाळू जुलैत पाणी सोडते, ती एप्रिलमध्येही सोडतेच. वाळूला धरून ठेवणं माहीत नाही. मुळाशी ओल टिकत नाही म्हणून हिरवळीला पुन्हा पुन्हा पाणी द्यावं लागतं. आयपीएल भरते एप्रिल-मे महिन्यांत, महाराष्ट्राची धरणं तळाला जातात त्याच दिवसांत. पावसाळ्यासाठी केलेली सोय उन्हाळ्यात मैदानाची तहान होऊन बसते. या स्टेडियमच्या नशिबाची किल्ली मला कर्जाच्या कागदांपेक्षा या वाळूत जास्त दिसते.

मधल्या चौकोनात गोष्ट उलटी. तिथे माती घट्ट, चिकण, पाणी धरून ठेवणारी. मी गेलो तेव्हा एक माळी उकिडवा बसून खेळपट्टी बघत होता. अंगठा दाबून पाहिला, ठसा उमटला नाही. मग खिशातल्या किल्लीचं टोक भेगेत घातलं, किती आत जातं ते पाहिलं आणि किल्लीला चिकटलेली माती बोटांत चुरली. वरून कोरडी, आतून अजून ओलसर. रोलर आत्ता फिरवायचा की उद्या सकाळी, हे त्या चिमटीवर ठरणार होतं. ओल जास्त असताना रोलर फिरला तर माती लोळते. ओल पार गेल्यावर फिरला तर दाब आत पोचतच नाही, वरचा पापुद्रा तेवढा चकाकतो. चांदवडचा कांदा उत्पादक रान वाफशावर येण्याची वाट बघतो, तशीच ही वाट बघणं आहे. फरक एवढाच की शेतकऱ्याला भुसभुशीत रान हवं असतं आणि याला दगडासारखं.

तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मग उठला, पाच पावलं पुढे गेला आणि तेच पुन्हा केलं. बावीस यार्डांत अशा किती तरी जागा असतात आणि प्रत्येक जागेची ओल वेगळी. त्याच्या हातात यंत्र नव्हतं. ओल मोजायची यंत्रं आता मिळतात, पण अखेरचा शब्द अंगठ्याचाच.

या अंगठ्यावर काय काय अवलंबून असतं, ते गहुंजेच्या नोंदींत आहे. फेब्रुवारी 2017मध्ये इथली पहिली कसोटी झाली. खेळपट्टी कोरडी ठणठणीत, पहिल्या दिवसापासून चेंडू वळला. भारताचे डाव 105 आणि 107 धावांवर गुंडाळले गेले, स्टीव्ह ओकीफने 70 धावांत 12 बळी घेतले, ऑस्ट्रेलिया तिसऱ्याच दिवशी 333 धावांनी जिंकली. आयसीसीने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा दिला. त्याच मैदानावर ऑक्टोबर 2019मध्ये विराट कोहलीने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद 254 धावा केल्या. त्याची कसोटीतली ती सर्वोच्च खेळी. आणि ऑक्टोबर 2024मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने 13 बळी घेऊन भारताला हरवलं, मायदेशात सलग 18 मालिका जिंकण्याची भारताची परंपरा तिथे तुटली. हातभर मातीत एवढं सामावलेलं असतं. त्या माळ्यांची नावं धावफलकावर कधी येत नाहीत. माझ्या मते ती यायला हवीत.

आता पाण्याकडे वळतो, कारण या मैदानावरच्या सामन्यांना पाण्याच्या प्रश्नाने गाठलं.

2016चा उन्हाळा आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. चांदवड तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर टँकरच्या खेपांचा हिशेब चालू होता. अशा वेळी मैदानांवर पाणी ओतायचं का, असा प्रश्न घेऊन याचिका उच्च न्यायालयात गेली आणि 13 एप्रिलला आदेश आला : 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. पुण्याच्या संघाने बाकीचे घरचे सामने विशाखापट्टणमला खेळले आणि मुंबईतला अंतिम सामना बंगळुरूला गेला. दोन वर्षांनी एलिमिनेटर आणि दुसरा क्वालिफायर गहुंजेला जाहीर झाले. त्या एप्रिलमध्ये न्यायालयाने आयपीएलसाठी पवना नदीचं पाणी मैदानाला द्यायला मनाई केली, आणि पुढे ते दोन्ही सामने कोलकात्याला हलवले गेले.

मी क्रिकेटचा वेडा आहे आणि टँकरच्या गावचाही आहे. 2016चा आदेश मला तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो. हंड्याच्या रांगेसमोर हिरवळ भिजवणं कुणालाही शोभलं नसतं. पण सामने हलवून फक्त तो मोसम निभावला, प्रश्न सुटला नाही. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये रोज सांडपाणी प्रक्रिया होऊन बाहेर पडतं. हिरवळीला पिण्याचं पाणी लागत नाही, नीट शुद्ध केलेलं सांडपाणी चालतं. गहुंजेचं पूर्ण वर्षाचं पाणी अशा स्रोतावर बांधलं, छतांवरचं आणि मैदानातून निचरलेलं पावसाळी पाणी तळ्यात साठवलं, तर पवनेकडे हात पसरायची वेळ येणार नाही. वाळूतून वाहून जाणारं पाणी पुन्हा वाळूवरच आणायचं, एवढंच ते काम आहे.

दुसरी अडचण पैशाची. 2018मध्ये थकलेल्या कर्जापायी बँकांनी स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतल्याच्या बातम्या आल्या. तिसरी अडचण प्रेक्षकांची. बऱ्याच स्टँडवर छत नाही. 2024च्या कसोटीत लोक ऑक्टोबरच्या उन्हात बसले आणि पिण्याचं पाणीच संपलं. असोसिएशनला जाहीर माफी मागावी लागली. शहरापासून दूर, सार्वजनिक वाहनांची वानवा, सामना सुटला की महामार्गावर तासन्‌तास कोंडी. 2023च्या विश्वचषकाचे पाच सामने इथे झाले, भारत-बांगलादेशला मैदान भरलं. पण विश्वचषक पिढीतून एकदा येतो. वर्षाचे बाकीचे दिवस गेट बंद असतं.

अमेरिकेतही संघ आणि मैदान यांची अशी ताटातूट होते. ओकलंडचा अ‍ॅथलेटिक्स हा बेसबॉल संघ 1968पासून तिथल्या कोलिझियममध्ये खेळत होता. नवं स्टेडियम कोण बांधणार या वादात वर्षं गेली, संघ रोडावला, प्रेक्षक आटले, आणि 26 सप्टेंबर 2024ला संघ तिथला शेवटचा सामना खेळून निघून गेला. त्या दिवशी मात्र जवळपास 47 हजार लोक आले होते. तिथे लोकांकडे निरोप द्यायला निदान 57 मोसमांच्या आठवणी होत्या. पुण्याला आयपीएलच्या स्वतःच्या संघाचे एकूण पाच मोसम मिळाले.

म्हणून मला आशा वाटते ती आयपीएलच्या नव्या संघाची नाही, महाराष्ट्र प्रीमियर लीगची. जून 2023मध्ये सहा संघांची ही स्पर्धा गहुंजेला सुरू झाली. ईगल नाशिक टायटन्सच्या अर्शिन कुलकर्णीने पुणेरी बाप्पाविरुद्ध 54 चेंडूंत 117 धावा केल्या, त्यात 13 षटकार, आणि नाशिकने सामना एका धावेने जिंकला. पहिल्या वर्षी पावसाने अंतिम सामना पुरा होऊ दिला नाही, तक्त्यात पहिले म्हणून रत्नागिरी जेट्स विजेते ठरले. पुढच्या वर्षी त्यांनीच अंतिम फेरीत नाशिकला हरवलं. नाशिक, रत्नागिरी, सोलापूर, कोल्हापूर : संघांची नावं सगळ्या महाराष्ट्राची, सामने मात्र गहुंजेला. चांदवडच्या पोराला नाशिकचा संघ प्रत्यक्ष बघायचा तर रात्रीची एसटी पकडून पुणे जिल्हा गाठावा लागतो.

खरं तर नाशिकला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. लोक त्याला गोल्फ क्लब म्हणतात. सकाळी तिथे निम्मं शहर चालायला येतं. जानेवारी 2025मध्ये त्याच मैदानावर रणजी सामन्यात ऋतुराज गायकवाडच्या महाराष्ट्राने बडोद्याला 439 धावांनी हरवलं, आणि चार दिवसांचा सामना बघायलाही लोकांनी गर्दी केली. महाराष्ट्राने रणजी करंडक 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा जिंकला, त्यानंतर एकदाही नाही. नवे खेळाडू जिल्ह्यांतून यायचे असतील, तर खेळ जिल्ह्यांत दिसायला हवा.

असोसिएशनला माझं सांगणं तीन गोष्टींचं आहे. गहुंजेला पवनेपासून सोडवा, पाण्याची सोय सांडपाणी आणि पावसाच्या साठ्यातून करा. उघड्या स्टँडवर सावली आणि प्रत्येक स्टँडला पिण्याच्या पाण्याचे नळ द्या, मोठे सामने त्यानंतर मागा. आणि प्रीमियर लीगचे साखळी सामने नाशिक, सोलापूर, कोल्हापूरला नेऊन बाद फेरी तेवढी गहुंजेला ठेवा. आपल्या गावी साखळीत पाहिलेला संघ पुढे काय करतो हे बघायला चांदवडहून गाड्या भरून लोक तिकडे जातील. मालक बदलले की संघ जातात. जिल्ह्यांचे संघ कुठे जाणार नाहीत. गहुंजेचं स्टेडियम त्यांच्याच भरवशावर टिकेल.