विंगेंतील मनुष्य

नाटक संपतें, टाळ्या पडतात, नट पुढें येऊन प्रेक्षकांस वंदन करतात आणि पडदा पडतो. त्याच वेळीं विंगेंत एक मनुष्य वही मिटून, चष्मा पुसून उठत असतो. हा हौशी नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर. हें काम मीं बत्तीस वर्षें विनावेतन केलें. तें कसें चालतें, हें आज सांगण्याचें योजिलें आहे.

या कामाची गरज कां पडते, तें प्रथम पाहूं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हां सूत्रधार पद्यें म्हणे आणि पात्रें त्यांच्या अनुरोधानें आपलीं भाषणें आयत्या वेळीं जुळवीत. ठरीव शब्दच नाहीं, तेथें विसरणार काय? पुढें १८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने यांचें 'थोरले माधवराव पेशवे' हें लिखित गद्य नाटक आलें. अशा नाटकांत शब्द लेखकाचा; तो जसाच्या तसा म्हणण्याची जबाबदारी नटावर, आणि तिच्याबरोबर विस्मरणाचें भयहि.

हौशी मंडळांत हें भय अधिक. तेथला नट दिवसभर कचेरींत राबून सायंकाळीं तालमीस येतो. १९५४ सालीं सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेनें अशा मंडळांस मोठेंच प्रोत्साहन दिलें. परंतु प्राथमिक फेरींत पुढची निवड झाली नाहीं, तर दोन महिन्यांच्या तालमींचें फळ म्हणजे तो एकच प्रयोग. व्यावसायिक नटाचा पाठ शेंकडों प्रयोगांनीं पक्का होतो. आमच्या नटास चूक सुधारण्यास दुसरी रात्र नसते.

प्रॉम्प्टरनें पहिल्या वाचनापासून हजर राहावें. दिग्दर्शकानें गाळलेलीं वाक्यें वहींत तेव्हांच खोडावीं, नाहीं तर गाळलेलाच शब्द नटाच्या कानीं पडतो. सबंध वाक्य सांगूं नये. पहिले एक-दोन शब्द पुरतात. आवाज हलका असावा, पण व्यंजनें स्पष्ट असावींत. हें सारें महिन्याभरांत साधतें. शब्द केव्हां देऊं नये, हें कळावयास मात्र वर्षें लागतात.

माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट. तिसऱ्या अंकांत, पुत्राच्या मृत्यूची वार्ता ऐकून पित्याचें काम करणारा आमचा नट स्तब्ध उभा राहिला. मला वाटलें, गडी विसरला. मीं शब्द दिला. तो पहिल्या तीन रांगांस ऐकूं गेला आणि कोणी तरी हंसलें. पडदा पडल्यावर तो एवढेंच म्हणाला, "मास्तर, माझें रडणें तुम्हीं अर्ध्यावर तोडलेंत." दुसरा प्रयोग झालाच नाहीं, म्हणून ती चूक भरून काढतां आली नाहीं.

तेव्हांपासून तालमींत विरामाच्या जागीं मी तांबड्या पेन्सिलीनें उभी रेघ ओढूं लागलों आणि वहीबरोबर नटाकडेहि पाहूं लागलों. विराम घेणाऱ्याची नजर स्थिर असते; विसरलेल्याची नजर पळते, बोटें वस्त्राशीं चाळा करूं लागतात.

अलीकडे पुष्कळ दिग्दर्शक प्रॉम्प्टर ठेवीत नाहींत. अडल्यास सहनटानें सावरून न्यावें, असा त्यांचा आग्रह असतो. तो अगदींच चुकीचा नाहीं. मागून शब्द मिळणार, या भरंवशावर पाठांतरांत आळस करणारे नट मीं पाहिले आहेत. तरीहि, स्वतःची भूमिका नसतां सबंध नाटकाकडे लक्ष देणारा एक मनुष्य मंडळांत असावा, असें मला वाटतें. नट आजारी पडला, तर त्याच्या जागीं येणाऱ्यास कोठें उभें राहावें आणि कोठें थांबावें, हें सांगणारा तोच असतो.

या कामानें शाळेंतहि मला एक धडा दिला. मुलगा फळ्यापुढें अडला, कीं मी उत्तर सांगून मोकळा होत असें. पुढें मी त्याच्या डोळ्यांकडे पाहूं लागलों. तो आठवीत असला, तर गप्प राहत असें; पुष्कळदां उत्तर त्याचें त्यालाच सांपडे.

आपणांपैकीं कोणास नाटकाची आवड आहे, पण रंगभूमीवर उभें राहण्याचा संकोच वाटतो, त्यानें जवळच्या मंडळाच्या तालमीस एकदां जाऊन बसावें. विंगेंतील खुर्ची बहुधा रिकामी असते.