समोरच्या खुर्चीतला माणूस

शेरलॉक होम्स पहिल्यांदा छापून आला तो सणाच्याच अंकात. 'बीटन्स ख्रिसमस अॅन्युअल' हा १८८७ सालचा नाताळ अंक, किंमत एक शिलिंग. आर्थर कॉनन डॉयल या तरुण डॉक्टरला 'अ स्टडी इन स्कार्लेट' या कादंबरीचे सगळे हक्क देऊन टाकल्याबद्दल २५ पौंड मिळाले होते. पुढे २२ वर्षांनी, १९०९ मध्ये, का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो अशाच इंग्रजी नाताळ अंकांवरून सुचलेल्या कल्पनेने. त्यामुळे होम्सबद्दल दिवाळी अंकात लिहिताना मला परक्या घरी आल्यासारखे वाटत नाही.

त्या पहिल्या कादंबरीचे पहिले पान मला फार आवडते. तिथे होम्स नाहीच. तिथे जॉन वॉटसन आहे. लंडन विद्यापीठाची १८७८ सालची पदवी घेतलेला, लष्करात डॉक्टर म्हणून भरती झालेला, आणि आपल्या पलटणीला गाठायला निघून मुंबई बंदरात उतरलेला. उतरतो तेव्हा त्याला कळते की अफगाणिस्तानात लढाई सुरू झाली आहे आणि पलटण केव्हाच खिंडी ओलांडून पुढे गेली आहे. तो मागोमाग कंदाहारला जातो. २७ जुलै १८८० ला मैवंदच्या लढाईत इंग्रजांचा दारुण पराभव झाला. बॉम्बे ग्रेनेडिअर्ससारख्या मुंबई लष्कराच्या पलटणीही त्या मैदानात कापल्या गेल्या. वॉटसनच्या खांद्यात गोळी घुसली ती तिथेच. मग विषमज्वर, मग खंगलेल्या शरीराने लंडन. हातात तुटपुंजे पेन्शन, ओळखीचे कोणी नाही. अशा माणसाला भाडे वाटून घ्यायला जोडीदार हवा असतो. होम्सच्या ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या उभ्या आहेत त्या या एका गरजेवर.

लहानपणी भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्स वाचला तेव्हा वॉटसनकडे माझे लक्षच नव्हते. तो गोष्ट सांगत होता आणि मी ऐकत होतो. पुढे होम्सच्या मालिका एकामागून एक पाहायला लागलो तेव्हा हळूहळू ध्यानात आले की पडद्यावरची खरी अडचण होम्स नाहीच. बाकदार नाक, उंच कपाळ, लांब बोटे असलेला नट सापडतो. अडचण वॉटसनची आहे. पुस्तकात आपण सगळे त्याच्या डोळ्यांनी पाहतो. होम्सला काय दिसले ते त्याला कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही, आणि म्हणून उलगडा झाल्यावर जीव थक्क होतो. दूरदर्शनवर मात्र पाहण्याचे काम कॅमेरा करतो. वॉटसनचे मूळ कामच काढून घेतले जाते. मग शेकोटीपुढच्या त्या दुसऱ्या खुर्चीत त्याने बसायचे कशासाठी? गेल्या चार दशकांतल्या प्रत्येक मालिकेने या प्रश्नाला आपापले उत्तर दिले आहे, आणि ती मालिका किती टिकली हे मला त्या उत्तरावरून ठरवावेसे वाटते.

सर्वांत भाबडे आणि म्हणूनच सर्वांत गोड उत्तर रशियन आहे. इगोर मास्लेनिकोव्ह यांनी लेनफिल्मसाठी १९७९ ते १९८६ या काळात केलेल्या या चित्रमालिकेत वासिली लिवानोव्ह होम्स होते आणि विताली सोलोमिन वॉटसन. बेकर स्ट्रीट उभी केली होती रिगा शहरातल्या यौनिएला या गल्लीत. पहिल्या भागात वॉटसनला आपला भाडेकरू जोडीदार कुठल्या तरी गुन्हेगारी टोळीचा म्होरक्याच वाटतो. विचित्र माणसे भेटायला येतात, घरात विषांचे प्रयोग चालतात, तेव्हा तो पुरावे जमवू लागतो. म्हणजे पहिला गुप्तहेर वॉटसनच, आणि त्याचे पहिले रहस्य होम्स. सोलोमिनचा वॉटसन तरुण, तांबूस मिशांचा, पटकन लाजणारा आहे. त्याच्या कुतूहलाचे बोट धरून आपण त्या घरात शिरतो. कॅमेऱ्याने घेतलेली जागा दिग्दर्शकाने त्याला अशी परत दिली.

या मालिकेत एक बारीकशी जखम आहे. भेट होताच होम्स वॉटसनला सांगतो की तुम्ही अफगाणिस्तानातून आलात. चित्रीकरण १९७९ चे, प्रसारण मार्च १९८० चे. मधल्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या होत्या. ध्वनिमुद्रणात त्या देशाचे नाव पुसून नुसते 'पूर्वेकडे' असे करावे लागले. शंभर वर्षांपूर्वीच्या एका कल्पित डॉक्टरची गोळी त्या वर्षी मॉस्कोत उच्चारता येत नव्हती.

इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९८४ ला ग्रॅनाडा टेलिव्हिजनची मालिका सुरू झाली, आणि माझ्या मनातला होम्स तिथे कायमचा ठरला. जेरेमी ब्रेट. १९९४ पर्यंत ४१ भाग. निर्माते मायकेल कॉक्स यांनी मूळ कथांशी इमान राखायचे ठरवले होते. होम्सच्या सवयी, कपडे, खाणे-पिणे, सगळ्याची कथांतून टिपून काढलेली एक वही संचाला दिलेली असे, आणि मँचेस्टरच्या स्टुडिओत अख्खी बेकर स्ट्रीट बांधली होती. 'स्ट्रँड' मासिकात सिडनी पॅजेटने काढलेली चित्रे ब्रेटच्या बसण्या-उठण्यात जशीच्या तशी दिसतात. पण चित्रांत नसलेले ते ब्रेटने आणले. ते क्षणात उमटून विझणारे हसू, सोफ्यावरून घेतलेली उडी, दीर्घ शांततेनंतर अचानक चिरत जाणारा आवाज. विचार करणारा माणूस नुसत्या चेहऱ्याने दाखवणे किती कठीण असते, ते या मालिकेनंतर कोणी करायला गेले की समजते.

कॉक्स यांना आणखी एक अन्याय दूर करायचा होता. १९३९ ते १९४६ या काळात बॅसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांचे चौदा चित्रपट आले होते. त्यांत ब्रूसचा वॉटसन म्हणजे धांदरट, विसराळू म्हातारबा. होम्स हुशार दिसावा म्हणून शेजारी एक बावळट बसवलेला. जगभर वॉटसनची तीच प्रतिमा रुजली. ग्रॅनाडाने युद्ध पाहिलेला, स्वाभिमानी, विनोद कळणारा डॉक्टर परत आणला. आधी तेरा भाग डेव्हिड बर्क, नंतर एडवर्ड हार्डविक. बर्कचा वॉटसन होम्सबरोबर खळखळून हसतो. लाल केसांच्या जाबेझ विल्सनची हकिकत ऐकताना दोघांना हसू आवरत नाही, तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेन. मैत्री दाखवायला तेवढे हसणे पुरले.

'द डेव्हिल्स फूट' या भागासाठी मी ही मालिका कोणालाही पाहायला लावेन. विषारी मुळीचा धूर होम्स स्वतःवर प्रयोग म्हणून घेतो, शुद्ध हरपत जाते, वॉटसन त्याला ओढून उघड्यावर आणतो. भानावर येताना ब्रेटच्या तोंडून हाक निघते, 'जॉन!' कथांमध्ये होम्स वॉटसनला कधीही पहिल्या नावाने हाक मारत नाही. त्या एका शब्दाने आयुष्यभराचा 'माय डिअर वॉटसन' उघडा पडतो. याच भागात होम्स कोकेनची सुई कॉर्नवॉलच्या वाळूत पुरून टाकतो. मूळ कथेत हे नाही. लहान मुलेही मालिका पाहतात म्हणून ब्रेटला ते हवे होते, आणि त्यासाठी डॉयल यांच्या कन्येची संमती घेतलेली होती.

ब्रेट तोपर्यंत स्वतः कोसळत चालला होता. १९८५ मध्ये पत्नी जोन विल्सन कर्करोगाने गेल्या. उन्माद आणि नैराश्य यांच्या हेलकाव्यांचा आजार होताच, औषधांनी शरीर सुजले, हृदय कमजोर झाले. शेवटच्या भागांत श्वास अपुरा पडताना दिसतो. 'मॅझरीन स्टोन'च्या वेळी तो इतका आजारी होता की कथा भाऊ मायक्रॉफ्टच्या अंगावर टाकावी लागली. 'गोल्डन पॅन्स-ने'मध्ये तर हार्डविक दुसऱ्या कामात असल्याने वॉटसनच नव्हता, त्याच्या जागी पुन्हा मायक्रॉफ्ट. या भागात मला गुदमरल्यासारखे होते. दोन बुद्धिमान माणसे एकमेकांना कोडी घालत बसली की ऐकणारा उरत नाही. १२ सप्टेंबर १९९५ ला ब्रेट गेला.

त्याच सुमारास, १९९३ मध्ये, आपण घराघरांत बासू चटर्जींचा 'ब्योमकेश बक्षी' पाहत होतो. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश होम्सचाच बंगाली भाऊबंद, पण त्याचे घर संसाराने भरलेले. रजित कपूरचा ब्योमकेश थोडे बोलायचा, आणि के. के. रैनाचा अजित, म्हणजे त्याचा वॉटसन, त्याच्याकडे असा बघायचा की त्या बघण्यातूनच आपल्याला ब्योमकेशची उंची कळायची.

आता आधुनिक काळातल्या दोन मालिका. दोन्हींच्या नायकांनी २०११ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये डॅनी बॉइल यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये काम केले होते, आलटून पालटून, एका रात्री निर्माता आणि दुसऱ्या रात्री त्याने घडवलेला जीव. 'शेरलॉक'चा बेनेडिक्ट कंबरबॅच आणि 'एलिमेंटरी'चा जॉनी ली मिलर. त्यामुळे तुलना होणारच होती, पण ती बहुधा फक्त दोन होम्सची होते.

स्टीव्हन मॉफॅट आणि मार्क गॅटिस यांची बीबीसीवरची 'शेरलॉक' २५ जुलै २०१० ला सुरू झाली. पहिला भाग अव्वल आहे, आणि तो वॉटसनचा आहे. मार्टिन फ्रीमनचा जॉन अफगाणिस्तानातून जखमी होऊन आला आहे. त्या देशाचे नाव १३० वर्षांनीही बदलावे लागले नाही, यात केवढे दुःख आहे! जॉनचा पाय लंगडतो, पण लंगडण्याचे कारण शरीरात सापडत नाही. मायक्रॉफ्ट त्याला सांगतो की तुला युद्धाचा त्रास होत नाही, तुला युद्धाची ओढ आहे. एका टॅक्सीमागे धावताना जॉन काठी उपाहारगृहात विसरून जातो आणि पळत सुटतो. एका प्रसंगात मैवंदपासूनची सारी जखम नव्याने सांगितली गेली. इतका नेमका वॉटसन मी दुसरीकडे पाहिला नाही.

पण याच मालिकेने कॅमेरा वॉटसनच्या डोळ्यांतून काढून होम्सच्या डोक्यात नेला. पडद्यावर अक्षरे तरंगू लागली, मोबाइलवरचे निरोप हवेत उमटू लागले. अंगठीवर, बुटावर, बाहीवर निष्कर्ष लिहून येऊ लागले. दिग्दर्शक पॉल मॅकगिगन यांची ही युक्ती डोळ्यांना सुखावणारी होती आणि नंतर साऱ्या जगाने उचलली. मग आला होम्सच्या मनातला, आठवणी साठवण्याचा स्मृतिमहाल. होम्सला जे दिसते ते आपल्यालाही लगेच दिसू लागले आणि थक्क व्हायची जागा उरली नाही. जॉनला राहिले काय? त्याने ब्लॉग लिहायचा, चिडायचे, आणि पुढे पुढे सोसायचे. चौथ्या हंगामापर्यंत, २०१७ मध्ये, त्याची बायको मेरी मेलेली आहे आणि कथा होम्सच्या अज्ञात बहिणीच्या बेटावरच्या तुरुंगात पोचली आहे. अवघ्या १३ भागांत एवढी घसरण झाली, त्याचे मला आजही वाईट वाटते.

हा फरक एकाच प्रसंगात पाहावा. रायशनबाखच्या धबधब्यात मेलेला होम्स तीन वर्षांनी परत येतो. मूळ कथेत, १९०३ मध्ये, म्हातारा पुस्तकविक्या बनून तो वॉटसनच्या अभ्यासिकेत शिरतो. वॉटसन क्षणभर पाठ फिरवतो, वळून बघतो तो होम्स उभा. वॉटसन बेशुद्ध पडतो. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची, असे तो स्वतःच नोंदवतो. ग्रॅनाडाच्या मालिकेत या ठिकाणी योगायोग घडला. कुटुंबाजवळ राहता यावे म्हणून बर्क मालिका सोडून गेला होता, आणि प्रेक्षकांनी हार्डविकला प्रथम पाहिले ते याच भागात. तीन वर्षांच्या शोकाने वॉटसनचा चेहराच बदलला, असे वाटावे. हार्डविक थकलेला, सावकाश बोलणारा आहे. होम्स दिसल्यावर त्याच्या डोळ्यांत आधी भीती येते, मग विश्वास.

२०१४ च्या 'शेरलॉक'मध्ये होम्स खोट्या मिशा रंगवून वेटर बनून येतो, नेमका जॉन मेरीला मागणी घालत असताना. जॉन त्याला मारतो, एका जागेवरून हाकलले की दुसऱ्या जागी पुन्हा मारतो. तो संताप मला पटतो. दोन वर्षे थडग्यासमोर उभे राहिलेल्या माणसाचा तो संताप आहे. पण त्याच भागात पुढे होम्स बॉम्ब बंद करता येत नाही असे भासवून त्याच्याकडून क्षमा काढून घेतो, तेव्हा मी होम्सपासून तुटलो. मित्राच्या दुःखाचा असा खेळ ब्रेटच्या होम्सने केला नसता.

'एलिमेंटरी' या अमेरिकन मालिकेबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. २७ सप्टेंबर २०१२ ते १५ ऑगस्ट २०१९, सात हंगाम, १५४ भाग. दर आठवड्याला एक खून, त्यामुळे बरेच भाग सामान्य आहेत, काही कंटाळवाणेही. तरी वॉटसनच्या प्रश्नाचे सर्वांत धाडसी उत्तर रॉबर्ट डोहर्टी यांच्या या मालिकेचे आहे. जॉन इथे जोन झाली. ल्युसी लिऊची जोन वॉटसन एकेकाळची शल्यविशारद आहे. हातून रुग्ण दगावला म्हणून तिने शस्त्रक्रिया सोडली आणि व्यसनातून सुटलेल्यांना सोबत करण्याचे काम पत्करले. न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनमधून बाहेर पडणाऱ्या होम्सबरोबर तिने सहा आठवडे राहायचे आहे. कथांतले कोकेन, जे ग्रॅनाडाने वाळूत पुरले, ते इथे घराच्या मधोमध आहे. मिलरचा होम्स बैठकांना जातो, घसरतो, पुन्हा दिवस मोजू लागतो.

आणि जोन पाहायला शिकते. होम्स तिला कुलपे उघडायला लावतो, जुन्या फायली वाचायला देतो. ती चुकते, मग बरोबर येऊ लागते. तिसऱ्या हंगामात, लंडनला निघून गेलेला होम्स परततो तेव्हा ती बेशुद्ध पडत नाही की हातही उगारत नाही. मधल्या महिन्यांत ती स्वतंत्र गुप्तहेर झाली आहे, पोलिसांना ती हवी आहे, आणि ती त्याला थंडपणे सांगते की आता इथे माझे काम आहे. होम्सला परत येण्यासाठी परवानगी मागावी लागते. लिऊ हे सगळे आवाज न चढवता करते.

जपानमध्ये २०१८ साली आलेल्या 'मिस शेरलॉक'मध्ये दोघीही स्त्रिया होत्या. आठच भागांची मालिका. डॉक्टर वातो इथे सीरियातून परतलेली आहे, आणि युको ताकेउचीची शेरलॉक तिला 'वातो-सान' म्हणते तेव्हा कानाला वॉटसनच ऐकू येतो. ताकेउची २०२० मध्ये अकाली गेली, पुढचे भाग होऊ शकले नाहीत.

'एलिमेंटरी'च्या शेवटच्या भागात होम्स पुन्हा एकदा मेलेला आहे, तीन वर्षे. तो परततो ते एका खुनामागे, आणि त्याला कळते की जोनला कर्करोग झाला आहे. तिने ते त्याच्यापासून लपवलेले असते. तो निघून जाण्याच्या बेतात असतो. तो जात नाही. वर्ष सरते, ती बरी होते, आणि दोघे पुन्हा पोलीस ठाण्याच्या दारातून आत जातात. सहा आठवड्यांसाठी ती त्याच्या सोबतीला आली होती. आता तो तिच्या सोबतीला थांबला आहे.