शेतात राबणारी बाई बेरोजगार की कमावती?

2020 च्या एप्रिल ते जून तिमाहीत, टाळेबंदीच्या ऐन काळात, देशातल्या शहरी बेरोजगारीचा दर 20 टक्क्यांच्या वर गेला. हे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात, म्हणजे 'पीएलएफएस'मध्ये नोंदलेलं आहे. याच सर्वेक्षणाच्या जुलै 2019 ते जून 2020 या वर्षाच्या अहवालात देशाचा दर मात्र 4.8 टक्के आहे. आदल्या वर्षी तो 5.8 होता!

यात लबाडी नाही. शहर आणि देश हा फरक आहेच, पण मोठा फरक प्रश्नाचा आहे. वार्षिक दर काढताना मागच्या 365 दिवसांचा हिशेब विचारतात. तीन महिने घरी बसलेला कामगार उरलेल्या नऊ महिन्यांमुळे रोजगारातच धरला जातो. तिमाही दरासाठी मागचे सात दिवस पाहतात. त्यातही एक तास काम झालं असेल तर माणूस बेरोजगार ठरत नाही.

हे वेगवेगळे प्रश्न सुचवले ते मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या समितीने, 1970 मध्ये. शेती, मजुरी, घरकाम एकाच घरात मिसळलेलं असताना बेरोजगारांचा एकच आकडा काढून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं. 1972-73 पासून तशी मोठी सर्वेक्षणं साधारण पाच वर्षांनी होऊ लागली; एप्रिल 2017 मध्ये पीएलएफएस आलं.

मुंबईची खासगी संस्था 'सीएमआयई' त्या-त्या दिवसाची स्थिती विचारते. एप्रिल 2020 साठी तिने 23.5 टक्के दर दिला होता.

नोकऱ्या वाढल्याचा पुरावा म्हणून दाखवली जाणारी भविष्यनिर्वाह निधीची मासिक आकडेवारी तर माणसं नव्हे, खाती मोजते. या निधीचा कायदा साधारणपणे 20 कामगारांपासून लागू होतो. इचलकरंजीतल्या एखाद्या कारखान्यात 19 जण आहेत असं धरू. विसावा आला की जुन्यांचीही खाती उघडतात. नोकरी एक वाढली, खाती मात्र वीसपर्यंत.

सगळ्यांत अवघड मोजणी बायकांची. 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये 41.7 झाला. त्यात घरच्या शेतात, दुकानात विनामोबदला राबणाऱ्या पुष्कळ आहेत. त्यांचे कष्ट मोजले जातात हे योग्यच. पण हाती एक रुपया न येणाऱ्या कामाला नोकऱ्यांची वाढ म्हणून मिरवणं अन्यायाचं आहे.

2025 पासून पीएलएफएसचे आकडे दरमहा येतात. एप्रिल 2025 चा दर 5.1 टक्के होता. तो सात दिवसांच्या प्रश्नावरचा आहे. 2023-24 च्या 3.2 टक्के या वार्षिक दराशेजारी मांडून बेरोजगारी वाढली असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.