विडंबनाचे लक्ष्य : एक टिपण

‘कॅप्टन नाइस’ ही अतिमानवी नायकाची थट्टा करणारी अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका जानेवारी १९६७ मध्ये सुरू झाली व त्याच वर्षी संपली. नायकाचा पोशाख त्याच्या आईने शिवलेला, ही कल्पना गमतीची खरी. परंतु तत्कालीन ‘बॅटमॅन’ मालिका मुळातच विडंबनात्मक असल्याने या थट्टेस स्वतंत्र लक्ष्य असे उरलेच नव्हते. आपल्याकडे, नाशिक जिल्ह्यातील मालेगावी, नासिर शेख यांनी केलेल्या ‘सुपरमॅन’च्या चित्रपटीय विडंबनास मात्र ते लाभले. यंत्रमागावर राबणारे कृश शफीक शेख त्यात नायक झाले; आणि खलनायकास घाण अत्यंत प्रिय! म्हणजे उपहासाचा रोख परक्या नायकाकडून गावाच्या दुरवस्थेकडे वळतो, व हसणारा प्रेक्षकही तेथलाच असतो. या निर्मितीवरील फैजा अहमद खान यांचा अनुबोधपट भारतात २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. तत्पूर्वीच शफीक मुखकर्करोगाने निवर्तले होते.