लोकप्रिय गीत कसें घडतें?

एखादें गीत घरोघरीं ऐकूं येऊं लागलें म्हणजे तें आपोआपच लोकांच्या ओठीं आलें, असें आपणांस वाटतें. परंतु त्यामागें पुष्कळांचे श्रम व बरीच योजना असते. अमेरिकेंतील एका उदाहरणावरून ही गोष्ट आम्ही वाचकांस सांगूं इच्छितों.

डेट्रॉइट हें मोटारींच्या कारखान्यांचें शहर. तेथील एका कारखान्यांत पूर्वीं काम केलेल्या बेरी गॉर्डी यांनीं १९५९ सालीं कुटुंबीयांकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन ध्वनिमुद्रिकांचा धंदा सुरू केला. तोच पुढें 'मोटाउन' या नांवानें गाजला. मोटार जशी हातोहात पुढें सरकत पूर्ण होते, तसेंच गीतही व्हावें, अशी त्यांची कल्पना होती. गीतरचना, साथसंगत व गायन यांसाठीं निरनिराळीं माणसें असत. दर शुक्रवारच्या सभेंत नव्या गीतांवर मतें घेतलीं जात. मोटारींतील रेडिओवर गीत कसें ऐकूं येईल, हेंही लहानशा कर्ण्यावर पारखून पाहत. गायकांस सभ्य रीतिभाती व रंगमंचावरील पदन्यास शिकविण्यासाठीं शिक्षक नेमलेले होते.

माल चांगला झाला तरी तो बाजारांत पोंचला पाहिजे. त्या काळीं ही किल्ली रेडिओवरील निवेदकांच्या हातीं होती. पुनःपुन्हां कानीं पडलेलें गीत ओळखीचें होतें, आणि ओळखीचें तें बहुधा आवडूं लागतें. म्हणून अमेरिकेंतील कित्येक ध्वनिमुद्रिका-कंपन्या निवेदकांस गुप्तपणें पैसे चारीत. तेथील काँग्रेसनें याची चौकशी केली व १९६० सालीं अशा लांचेविरुद्ध कायदा झाला. आज निवेदकाची जागा बऱ्याच अंशीं मोबाइलवरील गीतसूचींनीं घेतली आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलेलें गीत एक श्रवण म्हणून मोजलें जातें. तेव्हां आरंभींच श्रोत्यास पकडून ठेवण्याची धडपड चालते.

या गाजावाजांत खरे कष्टकरी मात्र झांकले जातात. मोटाउनच्या कितीतरी गीतांना साथ करणाऱ्या वादकांचीं नांवें वर्षानुवर्षें वेष्टनावर छापलीं गेलीं नाहींत. १९७१ सालीं मार्विन गे यांच्या गीतसंग्रहावर तीं आलीं.

सारांश, यादींतील पहिला क्रमांक गीत किती दूर पोंचलें एवढेंच सांगतो. तें किती चांगलें आहे, हें सांगत नाहीं. तो निवाडा ज्याचा त्यानें करावयाचा. आवडलेलें गीत कोणीं रचलें व कोणीं वाजविलें, याचा विद्यार्थ्यांनीं अवश्य शोध घ्यावा. आणि वडील मंडळींनीं मुलांसह एखादें न गाजलेलें गीतही शेवटपर्यंत ऐकावें, अशी आमची विनंती आहे.