आकाशातील मनोरा

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे गाव आहे. बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज ह्यांची समाधी येथे असल्यामुळे रामनवमीच्या यात्रेस दूरदूरच्या तांड्यांतून लोक येतात. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. परंतु तेथील चित्र ह्या गावी दिसणे शक्य नव्हते. दूरचित्रवाणीच्या लहरी प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि पृथ्वी तर गोल! म्हणून क्षितिजापलीकडील गाव त्या लहरींच्या खाली राहून जाते. क्षेपणाचा मनोरा जितका उंच, तितका त्याचा टापू मोठा. पण कोणताही मनोरा मुंबईहून विदर्भापर्यंत पुरणार नाही. तालुक्याचे नाव मानोरा असले, तरी तेवढ्याने हे काम भागत नाही.

भारतात तेव्हा पाच लाखांहून अधिक खेडी होती. त्या सर्वांसाठी मनोरे उभारावयाचे, तर खर्च अफाट आणि कालावधीही मोठा. हाच मनोरा आकाशात टांगला तर? विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहास एका फेरीला पृथ्वीच्या एका परिवलनाइतकाच वेळ लागतो. त्यामुळे तो एकाच जागी स्थिर असल्यासारखा भासतो, आणि सारा देश त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येतो.

ही कल्पना डॉ. विक्रम साराभाई ह्यांनी हिरिरीने मांडली. १९६२ साली भारत सरकारने अवकाश संशोधनासाठी समिती नेमली, तिचे ते अध्यक्ष होते. कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस हे तिचे सदस्य-सचिव. ज्या देशाला धान्य बाहेरून आणावे लागते, त्याने आकाशात पैसा का उधळावा, असे अनेक जण विचारीत. तो प्रश्न रास्तच होता. साराभाईंचे उत्तर असे की, चंद्रावर जाण्याच्या स्पर्धेत आपल्याला उतरावयाचे नाही. शेती, आरोग्य व शिक्षण ह्यांची माहिती खेड्यांत पोहोचविण्यासाठीच हे साधन हवे. १९६७ साली दिल्लीजवळच्या ८० खेड्यांत ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम दाखवून त्याचा पडताळाही घेण्यात आला.

पण स्वतःचा मोठा उपग्रह बनविण्यास वर्षे लागणार होती. तोवर थांबावयाचे काय? योजनाकारांनी दोन्ही वाटा एकदम धरल्या. सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकेशी करार झाला. त्यानुसार उपग्रह एक वर्षापुरता त्यांचा. भूकेंद्रे, खेड्यांतील संच आणि कार्यक्रम मात्र सर्व आपले. दुसरीकडे, पुढील दहा वर्षांत उपग्रह व अग्निबाण देशातच तयार करण्याचा आराखडा १९७० साली आखला गेला. पुढच्याच वर्षी, ३० डिसेंबर १९७१ रोजी, साराभाईंचे अकस्मात निधन झाले. तरीही काम खंडित झाले नाही. १९७२ साली स्वतंत्र अवकाश विभाग स्थापन झाला आणि डॉ. सतीश धवन ह्यांनी धुरा उचलली.

बंगळूरजवळील पीन्या येथे डॉ. उ. रा. राव ह्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेला ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी रशियन अग्निबाणाने अवकाशात गेला. त्याचे वजन सुमारे ३६० किलोग्रॅम होते. काही दिवसांतच वीजपुरवठा बिघडून त्यावरील वैज्ञानिक प्रयोग बंद पडले. परंतु उपग्रह कसा घडवावा व जमिनीवरून कसा हाताळावा, हे आपले लोक प्रत्यक्ष करून शिकले होते.

त्याच वर्षी १ ऑगस्टला अमेरिकन उपग्रहावरून खेड्यांसाठी कार्यक्रम सुरू झाले. ह्या प्रयोगाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी चिटणीसांवर होती. तारेच्या जाळीची, दहा फूट रुंद छत्री लावून सुमारे २,४०० खेड्यांनी ते पाहिले. काही ठिकाणी वीज नव्हती. तेथे संच विद्युत्घटांवर चालविले. निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आणि कार्यक्रमांच्या भाषांत मराठीही नव्हती. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोगाची मुदत संपली आणि उसना उपग्रह परत गेला.

भारताचा स्वतःच्या मालकीचा पहिला ‘इन्सॅट’ १९८२ साली काही महिन्यांतच निकामी झाला. तोही, त्यामागचाही, अमेरिकेत बांधून घेतलेले होते. ऑगस्ट १९८३ मध्ये सोडलेला दुसरा मात्र टिकला. त्याच्याकडून चित्र घेऊन आसपास पसरविणारी लहान क्षेपणकेंद्रे मग देशभर उभी राहू लागली.